आमिषावर काढलेले फोटो आणि तुमची बक्षिसं
वन्यजीव छायाचित्र स्पर्धांच्या आयोजकांना आणि परीक्षकांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह येतो आणि गावोगाव वन्यजीव छायाचित्रांची प्रदर्शनं भरतात. स्पर्धांचे निकाल लागतात. त्या निकालांत काही फोटो हमखास असतात. घुबड सरळ कॅमेऱ्यावर झेपावतंय, पंजे पुढे, डोळे वटारलेले. खंड्यानं काटकोनात सूर मारलाय आणि पाण्याचे थेंब त्याच्याभोवती गोल उडालेत. शेवाळलेल्या फांदीवर नवरंग पक्षी बसलाय, मागे एकसारखा हिरवा पडदा. माळावर भर उजेडात तरस उभं आहे आणि त्याची नजर फोटोग्राफरच्या थोडी अलीकडे, जमिनीवर कुठेतरी आहे. या फोटोंकडे बघताना तीक्ष्णता, उजेड, मांडणी हे सगळं तुम्ही तपासता. तो प्राणी तिथे, त्या वेळी, त्या अंतरावर का आला होता, हे तुमच्यापैकी कुणी विचारल्याचं मात्र माझ्या ऐकिवात नाही. म्हणून हे पत्र.

फोटो बनावट आहेत असं मी म्हणत नाही. प्राणी खरा, माळ खरा, उजेडही खरा. फक्त तो प्राणी आपल्या वाटेनं जाताना दिसलेला नसतो, त्याला बोलावून घेतलेलं असतं. पाळीव प्राण्यांच्या दुकानातला पांढरा उंदीर दोऱ्याला बांधून शेताच्या बांधावर सोडला की घुबड येतं. फांदीखालच्या पाण्यात काचेची टाकी बुडवून तिच्यात बोटाएवढे मासे सोडले की खंड्या येतो, आणि हवा तिथेच सूर मारतो. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या ठरलेल्या दगडामागे रोज टाकल्या की तरस उजेड असतानाच बाहेर पडायला लागतं. ही माहिती कुणी गुपित ठेवलेली नाही. फोटोग्राफीच्या सहलींच्या जाहिरातीत 'दर्शनाची खात्री' असं लिहिलेलं असतं. जंगलातल्या प्राण्याची खात्री कुठून येते, हे न कळण्याइतके आपण कुणीच भोळे नाही.

याला कायदा काय म्हणतो ते आधी सांगतो, कारण अनुभवी मंडळींनाही ते ठाऊक नसतं असं दिसलंय. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या कलम २ (१६) मध्ये शिकारीची व्याख्या आहे. मारणं आणि विष घालणं तर तिच्यात आहेच, पण पकडणं, पाठलाग करणं, फासे लावणं, सापळे लावणं, हाकणं यांच्याच पंगतीत आमिष दाखवणंही बसवलेलं आहे. तसा नुसता प्रयत्न केला तरी ती शिकारच. हातात बंदूक होती की सहाशे मिलिमीटरची लेन्स, याचा त्या ओळीत उल्लेख नाही. लांडगा, बिबट्या यांसारख्या पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीतल्या प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. २०१८ साली गीरच्या परिसरात सिंहिणीपुढे कोंबडी नाचवतानाचा व्हिडिओ फिरला, त्यावरून खटला उभा राहिला आणि २०२१ मध्ये आरोपींना शिक्षाही झाली. त्यांनी सिंहिणीला बोटही लावलं नव्हतं.

दुसरा कायदा प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणारा, १९६० चा. त्याचं कलम ११ सांगतं की केवळ करमणुकीसाठी एखादं जनावर दुसऱ्या प्राण्याचं भक्ष्य व्हावं म्हणून बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. अभयारण्यात वाघासाठी आमिष बांधण्याचा तर तिथे कंसात वेगळा उल्लेख आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र दहा ते पन्नास रुपये. अभयारण्याच्या दारात गाडी लावायला याहून जास्त पडतात.

कंसातला तो उल्लेख उगाच आलेला नाही. शिकारीच्या जमान्यात रेडकू झाडाला बांधायचं आणि मचाणावर बसून राहायचं, ही वाघ मारायची नेहमीची रीत होती. हाकारे घालून वाघ उठवण्यापेक्षा ती स्वस्त आणि बंदूकवाल्याला सोयीची. शिकार बंद झाली तरी काही ठिकाणी रेडकू काही सुटलं नाही. पाहुण्यांना वाघ-सिंह दाखवायला ते बांधलं जात राहिलं. गीरमध्ये तर त्या प्रकाराला 'लायन शो' असं सरळसोट नाव होतं. आजच्या हाइडमध्ये, म्हणजे फोटोग्राफरनं लपून बसायच्या आडोशात, आणि त्या मचाणात फरक आहेच: खुर्ची बरी असते, चहा मिळतो आणि दिवसाचे पैसे आगाऊ भरावे लागतात. पण आमिष कुठे ठेवायचं, वारा कुठून येतो, प्राणी कोणत्या बाजूनं येईल आणि उजेड कुठून पडेल, हा सगळा हिशेब तोच आहे.

गंमत म्हणजे जिथे शिकार आजही कायदेशीर आहे तिथले शिकारी या प्रश्नावर आपल्यापेक्षा कितीतरी जास्त भांडलेले आहेत. अमेरिकेत १८८७ साली स्थापन झालेल्या बून अँड क्रॉकेट क्लब या शिकाऱ्यांच्या संस्थेनं शिकाऱ्यांसाठी जी तत्त्वं मांडली, त्यांचा गाभा असा की सावजाला निसटायची खरीखुरी संधी असली पाहिजे. आमिषानं ती उरते का, यावर तिथे आजही एकमत नाही. पाणपक्ष्यांच्या बाबतीत मात्र निकाल कधीच लागलाय. बदकांना दाणे टाकून मारायला अमेरिकेत १९३५ पासून बंदी आहे, आणि ती बंदी कशी राबवतात ते आपण लक्ष देऊन वाचावं असं आहे. दाणे उचलून टाकले म्हणून लगेच तिथे बंदूक चालवता येत नाही. शेवटचा दाणा उचलल्यानंतरही दहा दिवस ती जागा आमिष लावलेलीच धरतात. दाणे गेले तरी बदकांची सवय मागे राहते, हे ओळखून केलेला नियम आहे. तो बंदूक चालवणाऱ्या समाजानं स्वतःवर घालून घेतलाय, आणि आपण कॅमेरेवाले स्वतःला त्यांच्याहून सोवळे समजतो.

अस्वलांचं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं. अमेरिकेच्या काही राज्यांत काळ्या अस्वलासाठी पिंपात शिळे डोनट, पाव, गोडधोड भरून ठेवतात आणि शिकारी झाडावर बसतो. कोलोरॅडोच्या मतदारांनी १९९२ मध्ये मतदान करून हे बंद केलं. मेन राज्यात २००४ आणि २०१४ असा दोनदा हा प्रश्न मतदानाला आला आणि दोन्ही वेळा बंदीची बाजू हरली. तिथल्या शिकाऱ्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. दाट रानात अस्वल क्षणभर दिसतं. ते नर की मादी, मागे पिल्लं आहेत की नाहीत, कळायला वेळच मिळत नाही. पिंपापाशी ते थांबतं, नीट पाहता येतं, पिल्लांची आई असेल तर सोडून देता येते, आणि गोळी घातलीच तर ती वर्मी लागते, जखमी जनावर रानात तडफडत नाही. मला हा युक्तिवाद पटत नाही, पण तो खरा युक्तिवाद आहे. त्यात प्राण्याचा थोडा तरी विचार आहे. आपल्या बाजूला याच्या तोडीचं काय आहे? घुबड नर आहे की मादी हे ओळखायला कुणी त्याला उंदीर दाखवत नाही. पंजे पुढे आलेले दिसावेत आणि ते चौकटीत मध्यभागी यावेत, एवढ्यासाठी दाखवतात.

आपलं ठरलेलं उत्तर असतं, 'आम्ही कुठे मारतो?' माझा मुख्य आक्षेप नेमका इथेच आहे. गोळी लागलेला प्राणी काही शिकत नाही. फोटो काढून सोडलेला प्राणी शिकतो, आणि जे शिकतो ते बरोबर घेऊन आपण नसलेल्या ठिकाणी जातो. माणसाचा वास आला की खायला मिळतं, गाडीचा आवाज आला की खायला मिळतं, उजेडात बाहेर पडलं तरी काही होत नाही, हे आपण त्याला दोन-तीन आठवड्यांत शिकवतो. खोकड किंवा तरस माणसाच्या शेजारात इतकी वर्षं टिकलं ते आपल्याला टाळून. ही टाळायची सवय त्याला आईकडून मिळालेली असते, आणि आपण ती एका हंगामात मोडतो. पुढे ते दुसऱ्या माणसाजवळ जातं, त्याच्या हातात कॅमेरा नसतो. तिथे कुत्री असतात, डुकरांसाठी लावलेले फासे असतात, रात्रीचा हायवे असतो. कधी शेळी गेली की विष घालणारा धनगर किंवा शेतकरी असतो, आणि त्याला दोष देताना आपली जीभ अडखळायला हवी. ही किंमत फोटोत दिसत नाही, परीक्षकाला दिसत नाही, आणि फोटोग्राफर तर तोवर दुसऱ्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या हाइडमध्ये जाऊन बसलेला असतो.

एका हाइडमध्ये जे पाहिलं ते सांगतो. जागेचं नाव सांगण्यात अर्थ नाही, असं अनेक ठिकाणी चालतं. सकाळी उजाडायच्या आत हाइडवरचा पोरगा डबा घेऊन आला. डब्यात कोंड्यावर पोसलेल्या पिवळ्या अळ्या वळवळत होत्या. समोर रोवलेल्या वाळक्या ओंडक्याला ड्रिलनं भोकं पाडलेली होती, सगळी कॅमेऱ्याच्या उलट्या बाजूला. त्यानं एकेका भोकात चिमूटभर अळ्या काडीनं ठासल्या, वर मातीचा हात फिरवला. आडव्या फांदीवरचं कालचं सुकलेलं शेवाळ काढून ओलं शेवाळ सुतळीनं बांधलं, सुतळी खालच्या बाजूनं. दगडाच्या खाचेत पपईची फोड अशी बसवली की समोरून नुसता दगडच दिसावा. मग तो आमच्या मागे येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "आधी शामा येईल, मग कस्तुर, मग नवरंग." त्याच क्रमानं आले. माझ्या शेजारचे गृहस्थ हरखून गेले होते. त्यांच्या फोटोखाली पुढे काय ओळ लिहिली गेली असेल याची कल्पना तुम्ही करू शकता. पहाटेच्या जंगलात, तासन् तास वाट पाहून, वगैरे. आयत्या बिळावरच्या नागोबाला निदान आपण बिळ खणलं असं सांगत फिरावं लागत नाही.

त्या पोराबद्दल माझी काहीही तक्रार नाही. त्याच्याइतकं पक्ष्यांचं वेळापत्रक आपल्यातल्या फार थोड्यांना पाठ असेल. आणि फळं, दाणे, अळ्या टाकणं आणि जिवंत प्राणी बांधणं हे एकाच मापानं मोजायचंही मला पटत नाही. पण अळ्याही अगदी निरुपद्रवी नाहीत. त्यांत कॅल्शियम फार कमी असतं, आणि विणीच्या दिवसांत आईबाप हीच आयती अळी घरट्यात नेऊन भरवायला लागले तर वाढत्या पिल्लांची हाडं कमकुवत राहतात. शिवाय जिथे पाच-पन्नास पक्षी एकाच दगडावर, एकाच ओल्या खाचेत रोज चोच घालतात तिथे एकाचा रोग सगळ्यांना लागायला वेळ लागत नाही. ब्रिटनमध्ये घरोघरी दाणापाण्याची भांडी टांगायची जुनी हौस आहे. तिथे २००५ पासून ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीची साथ फिंच पक्ष्यांत शिरली, आणि ग्रीनफिंचची संख्या झपाट्यानं कोसळली. ते लोक पक्ष्यांचं वाईट चिंतत होते असं कुणी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये हरणांसाठी टाकलेल्या गाजर-मक्याच्या ढिगांवर एकमेकांच्या लाळेतून गुरांचा क्षय पसरतो हे दिसल्यावर तिथल्या सरकारला शिकाऱ्यांच्या आमिषावर निर्बंध घालावे लागले.

मांसाचं मात्र मी कुठलंच समर्थन ऐकून घ्यायला तयार नाही. माळावर मेलेलं जनावर टाकलं की ते फक्त तुमच्या मनातल्या तरसासाठी नसतं. सगळ्यात आधी येतात गावची कुत्री. पुण्याच्या आसपासच्या माळांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून पुढे आलंय. पिसाळ आणि डिस्टेंपर हे दोन्ही रोग कुत्र्यांकडून रानटी प्राण्यांना लागतात. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या दलखाणिया भागात काही आठवड्यांत वीसहून जास्त सिंह दगावले, तेव्हा तपासणीत डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. लांडगा आणि गावकुत्रा यांना एका ढिगावर जेवायला बसवणं म्हणजे काय, हे यावरून ओळखा. उघड्यावर पोल्ट्रीचा कचरा टाकणारे लोकही हेच करतात, मान्य. पण त्यांना कुणी चषक देत नाही.

मेलेली गाय किंवा म्हैस असेल तर आणखी एक धोका असतो. जनावर मरण्याआधी त्याला कोणतं औषध टोचलं होतं हे आमिष टाकणाऱ्याला माहीत नसतं. गुरांना टोचायच्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकानं, मेलेल्या जनावरांच्या मांसातून पोटात जाऊन, आपल्याकडची गिधाडं कशी संपवली ते तुम्हाला सांगायला नको. जनावरांसाठी त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, पाठोपाठ आलेल्या किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवर २०२३ मध्ये. गिधाडांसाठी रायगडमध्ये, गडचिरोलीत खाद्यकेंद्रं चालवली गेली, तीही अन्न टाकण्याचीच जागा. कुणी विचारेल, मग ती कशी चालतात? तिथे जनावर कुठून आलं याची विचारपूस होते, कुत्री आत येऊ नयेत याची काळजी घेतली जाते, आणि गिधाडं कमी-जास्त झाली तर उत्तर द्यायला कुणीतरी नाव-गावासकट जबाबदार असतो. हाच प्रश्न वनखात्याच्या पिंजऱ्यातल्या शेळीबद्दलही विचारतात. बिबट्याच्या पिंजऱ्यात शेळी वेगळ्या कप्प्यात असते, बिबट्याचा पंजा तिच्यापर्यंत पोहोचू नये अशी रचना असते, आणि पिंजरा लावायला वरिष्ठांची परवानगी लागते. पिंजरे लावून प्रश्न सुटतो का, हा वाद वेगळा आहे आणि त्यात मी खात्याच्या बाजूनं उभा राहीनच असं नाही. पण तिथे एक कारण कागदावर लिहावं लागतं. 'चांगली फ्रेम मिळावी म्हणून' असं कारण त्या कागदावर लिहून बघा.

हाइडवाल्यांची बाजूही मला सोडून द्यायची नाही. अनेक ठिकाणी स्थानिक माणसानं आपल्या शेताचा एक कोपरा पडीक ठेवला, झाडं तोडली नाहीत, कारण हाइडमधून चार पैसे येतात. ते बंद पडलं तर तिथे ऊस येईल किंवा प्लॉट पडतील. हे खोटं नाही. म्हणून सगळी हाइड बंद करा, असं मी म्हणत नाही. उन्हाळ्यात नुसत्या पाण्यावर पक्षी येतात, भरपूर येतात, फक्त त्यांच्या वेळेनं येतात. पाणी रोज बदललं, कुंडी घासली, विणीच्या हंगामात घरट्याजवळची हाइड बंद ठेवली, तर मला त्यात काही वावगं वाटत नाही. अडचण अशी की पाण्यावरच्या हाइडमध्ये खात्री देता येत नाही. खात्री नसली की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, कारण त्याला स्पर्धेची शेवटची तारीख गाठायची असते. आणि ती तारीख तुम्ही ठरवलेली असते.

रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्षी बोलावणं हा याचाच सख्खा भाऊ. त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल. इथे फक्त नोंद करून पुढे जातो.

तर तुमच्याकडे मागणं. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत जिवंत आमिषाला मनाई आहे, आणि त्या मंडळींनी स्वतःचे निकाल फिरवूनही दाखवलेत. २००९ चा विजेता फोटो फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा होता. तो लांडगा बहुधा माणसाळलेला होता असा निष्कर्ष निघाल्यावर २०१० च्या जानेवारीत बक्षीस काढून घेतलं. २०१८ मध्ये मुंगीखाऊच्या फोटोचं बक्षीस गेलं, कारण तो पेंढा भरलेला असावा असं तज्ज्ञांचं मत पडलं. जगभर नाचक्की झाली, पण स्पर्धा संपली नाही. उलट तिच्यावरचा विश्वास वाढला असं मला वाटतं. आपल्याकडच्या कित्येक प्रवेशपत्रिकांत रंग किती वाढवायचे, कडा किती कापायच्या याचे नियम पानभर असतात. आमिषाबद्दल असलीच तर एखादी मोघम ओळ असते, 'प्राण्यांना त्रास देऊ नये' एवढीच. त्रास कुणी देतंय असं कुणालाच कधी वाटत नसतं, म्हणून ती ओळ कुणालाच लागू होत नाही.

त्याऐवजी सरळ प्रश्न विचारा. फोटो हाइडमधून काढलाय का? तिथे खाद्य होतं का, कोणतं, कुणी ठेवलं होतं? आवाज वाजवला होता का? एवढे रकाने आणि खाली सही. खोटं लिहिलेलं सापडलं तर बक्षीस परत आणि नाव जाहीर. शेवटच्या फेरीत आलेल्यांकडून मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली काहीही न बदललेली फाइल, तर मागाच, पण त्या फोटोच्या आधीच्या आणि नंतरच्याही दहा-दहा फ्रेम मागा. झेपावणाऱ्या घुबडाच्या चौथ्या फ्रेममध्ये गवतातला उंदीर दिसतो. तो पांढरा असेल किंवा एकाच जागी गोल गोल फिरत असेल तर वेगळा पुरावा नको.

डोळ्यांनाही थोडी सवय लावता येईल. दिवसभर झोपणारं घुबड भर दुपारी सावली सोडून का झेपावतंय? एकाच वाकड्या फांदीवरचे फोटो वेगवेगळ्या स्पर्धकांकडून का आलेत? नवरंगाच्या चोचीत गांडूळ असायला हवं तिथे एकसारख्या, गुळगुळीत, पिवळ्या अळ्या का आहेत? खंड्याच्या चोचीतला मासा त्या ओढ्यात होतो का? शिक्र्यानं धरलेल्या सरड्याच्या मागच्या पायाला दोऱ्याचा वळ दिसतो का? यासाठी परीक्षकांत निदान एक तरी माणूस असा हवा ज्याला त्या प्राण्याचं रोजचं जगणं माहीत आहे. नुसती लेन्स माहीत असून भागत नाही. कित्येक मंडळांत सगळे परीक्षक फोटोग्राफर असतात, आणि त्यांतले काही स्वतःच हाइडच्या सहली नेतात. त्यांना मंडळावर बसवायचं असेल तर बसवा, पण निकालाच्या पत्रकात त्यांच्या नावापुढे ते लिहा.

फळं-दाण्यांवर काढलेल्या फोटोंसाठी वाटल्यास वेगळा विभाग ठेवा. तिथे कौशल्य नसतं असं नाही. उजेड ओळखावा लागतो, क्षण पकडावा लागतो. फक्त ते रानात पायपीट करून, रिकाम्या हातानं परत येऊन, पुन्हा जाऊन काढलेल्या फोटोशेजारी एका तराजूत ठेवू नका. जिवंत आमिष आणि मांसभक्षकांना टाकलेलं मांस यांना मात्र कुठल्याच विभागात जागा नको. असा फोटो आला तर तो बाजूला ठेवून मोकळं होऊ नका, वनखात्याला कळवा. तुमच्या हातात तारीख, वेळ आणि बऱ्याचदा जीपीएसची नोंदसुद्धा असते. एखादा गुन्हा इतक्या स्पष्ट पुराव्यासकट, प्रवेश फी भरून, स्वतःहून पोहोचवला जातो असं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

एवढे नियम केले तर प्रवेशिका कमी येतील आणि प्रायोजक नाराज होतील, असं तुमच्यातल्या एका आयोजकानं मला तोंडावर सांगितलं. कमी येतील हे खरंच आहे. पहिल्या वर्षी घुबडांचे फोटो तर जवळजवळ येणारच नाहीत. आले तर ते लांबून काढलेले, फांद्यांत अर्धे लपलेले, पाठमोरे असतील. ते टांगा. बघायला येणाऱ्या शाळकरी पोरांना घुबड रानात खरंच कसं दिसतं ते तरी कळेल.

पुढच्या वन्यजीव सप्ताहासाठीच्या प्रवेशपत्रिका तुम्ही साधारण जून-जुलैत छापायला देता. म्हणून हे पत्र आताच लिहितोय. रकान्यांचा मसुदा करायला, किंवा शेवटच्या फेरीतल्या फ्रेम तपासायला पक्षी-प्राणी जाणणारी माणसं हवी असतील तर आमच्यासारखे बरेच जण विनामोबदला यायला तयार आहेत. उत्तर खासगीत न देता तुमच्या नियमावलीत द्यावं, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक हौशी छायाचित्रकार आणि तुमच्या प्रदर्शनांचा नेहमीचा प्रेक्षक